मत बदललेल्या माणसाचा शब्द

आमच्या सांगली-साताऱ्याकडे एखाद्याला मोठी पावती द्यायची असेल तर म्हणतात, 'शब्दाचा पक्का आहे.' आणि कुणाला मोडीत काढायचं असेल तर एवढंच पुरतं, 'त्याचं काय, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.' या दोन वाक्यांवर आमच्याकडे सोयरिकी ठरतात, हातउसने पैसे मिळतात, गावच्या निवडणुका फिरतात. मी याच मोजमापात वाढले आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण त्यात न बसणारा एक माणूस आमच्या भागानं आयुष्यभर डोक्यावर घेतला. त्याचं कोडं मला तरुणपणापासून पडलेलं आहे.

क्रांतिसिंह नाना पाटील, वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी त्यांनी 1930 च्या सत्याग्रहात सोडली आणि 1942 नंतर इंग्रज राजवटीला समांतर असं साताऱ्याचं प्रतिसरकार उभं केलं. तेव्हा ते काँग्रेसचे होते. स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथून कम्युनिस्ट पक्षात. 1957 साली साताऱ्यातून आणि 1967 साली बीडमधून लोकसभेवर निवडून आले. एका हयातीत तीन पक्ष. तरी 'नानांनी पलटी मारली' असं म्हणणारा एकही म्हातारा माणूस मला भेटलेला नाही. गावातल्या जुन्या माणसांना नानांचा पक्ष विचारला तर कधी कधी त्यांना आठवायला वेळ लागायचा. प्रतिसरकारच्या काळात कुणाच्या घरी कर्जाशिवाय लग्न लागलं, कोणता सावकार वठणीवर आला, कोणत्या वाडीत न्यायदान मंडळ बसलं, हे मात्र तोंडपाठ असायचं.

लोक आपल्या माणसाला सगळं माफ करतात, असं त्याचं उत्तर मी बरेच दिवस स्वतःला देत होते. आता ते मला अपुरं वाटतं. गरीब कुळवाड्यावर वेळ आली तर नाना कुठे उभे असतील हे लोकांना आधीच ठाऊक होतं. कोणत्या झेंड्याखाली उभे राहायचं ही नानांची सोय. ती त्यांनी बदलली तेव्हा लोकांनी विचार केला असणार, की ज्या अर्थी नाना तिकडे गेले त्या अर्थी काहीतरी कारण असेल, बघू या तरी. अनेक वर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या माणसालाच अशी सवलत मिळते. जागा सोडायची वेळ आली की लोक त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या थोरल्या चुलत्यांमुळे, म्हणजे आण्णांमुळे, कळलं.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, पुरानं आणलेल्या काळ्या मातीचं. नदीवर सहकारी लिफ्ट आहे आणि तिच्या पाण्यावर गावाचा ऊस. आण्णा त्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन होते आणि उसाला पाणी तोडायचं नाही हा त्यांचा नेम होता. पाळी चुकली की माणूस रात्री दोन वाजता उठून त्यांच्या दारात यायचा, आणि ते कंदील घेऊन पाटावर जायचे. पुढे बॅटरी आली, पण जाणं तसंच. भावकीतला असो की विरोधी पार्टीतला, पाळी ज्याची त्यालाच. स्वतःच्या उसाची पानं सुकत असताना दुसऱ्याची पाळी त्यांनी पुढे ओढलेली कुणी पाहिली नाही. पाणीपट्टी एकरावर होती, त्यामुळे किती पाणी दिलं याचा हिशेब करायचं कारण कुणालाच नव्हतं. सरी तुडुंब भरली की पाणी झालं.

मग ओढ्याकडची रानं बिघडायला लागली. काळ्या रानात पाणी सावकाश मुरतं. वरून ते येतच राहिलं आणि खाली निचऱ्याला वाट नसली की जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते. ती मुळांजवळ पोचली की वरचं पाणी उन्हानं उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा थर दिसू लागतो. आमच्याकडे म्हणतात, रानाला मीठ फुटलं. पुढे सोडियम वाढला की रान चोपण होतं. ओलं असताना पाय घसरतो, वाळलं की कुदळ उडते. उसाची उगवण तुटक होते, विहिरीचं पाणी मचूळ लागतं, आणि जिथं एके काळी एकरी उताऱ्याची पैज लागायची तिथं बाभळी माजतात. मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांत नदीकाठानं जाताना अशा पट्ट्या आजही दिसतात.

कृषी खात्याची माणसं येऊन ठिबक करा म्हणायची. आण्णा सभेत उभे राहून विरोध करायचे. थेंबाथेंबानं ऊस पोसत नाही, हे त्यांचं म्हणणं. नळ्या उंदीर कुरतडतात, भोकं मातीनं बुजतात, आणि कर्ज मात्र सातबाऱ्यावर चढतं. यातलं काहीही खोटं नव्हतं. त्यांच्या भाषणांमुळे ठिबकचा ठराव दोनदा पडला.

त्यांचं मत एका दिवसात पालटलं नाही. आधी त्यांनी ओढ्याकडच्या स्वतःच्या पट्टीत खड्डा काढून पाहिला. भर उन्हाळ्यात गुडघाभर खोलीवर पाणी लागलं. मग मातीचे नमुने कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रावर नेले. मग वरच्या एका रानात, घरात कुणाला फारसं न सांगता, ठिबकवर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक, घेतला. तो निघेपर्यंत ते गप्प होते. विचारलं की म्हणायचे, 'बघतोय.' एवढा एकच शब्द. आमच्या घरातल्या तरुण मंडळींना तो हेकटपणा वाटायचा. मला आज त्या गप्प राहण्याचं मोल कळतं, कारण त्या काळात त्यांनी कुणालाच अर्धवट पटलेली गोष्ट विकली नाही.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत ते बोलायला उठले. मी सभासद म्हणून मागे बायकांच्या रांगेत बसले होते. घरचा शेअर माझ्या नावावर झाला होता आणि सभेला बायका फार नव्हत्या, तेव्हा सगळं नीट दिसत होतं. आण्णा म्हणाले, 'ठिबकचा ठराव मीच दोनदा पाडला. तवा मला जे दिसत हुतं ते मी बोललो. आता रानात पाणी कुठवर चढलंय ते बी मला दिसतंय. ठिबक करायचं, आन् रानातलं पाणी भाईर काढायला चर मारायचं.'

सभा क्षणभर गप्प झाली आणि मग एकजण उठला. विरोधी पार्टीचाच, पण माणूस सरळ. 'आण्णा, मग इतकी वर्षं आमच्या रानाला पाणी पाजायला लावलंसा, त्याचं काय?'

'त्याचा जाब मी देतो,' आण्णा म्हणाले. 'पयला चर माझ्या वरच्या रानातनं काढा.'

शेती न करणाऱ्याला या वाक्याचं वजन कळणार नाही, म्हणून सांगते. भूमिगत निचरा म्हणजे जमिनीत कंबरेच्या वर खोल चर घ्यायचे, त्यात भोकांचे पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून टाकायचे आणि साठलेलं पाणी उतारानं ओढ्यापर्यंत न्यायचं. हे एकट्यानं होत नाही. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानातून जाणार, त्यामुळे मधल्या एकानं अडवलं की सगळ्यांचं थांबलं. आण्णांचं वरचं रान चांगलं होतं. त्याला निचऱ्याची गरजच नव्हती. तिथून मुख्य पाइप नेला तर इतरांचा मार्ग सरळ होत होता, आणि त्यांचा मात्र एक हंगाम मोडत होता. कुणी काही मागायच्या आत त्यांनी तो मोडून दिला.

ठराव झाला. सगळे हात वर गेले असं नाही, काहींनी शेवटपर्यंत संमती दिली नाही आणि त्यांची रानं आजही मीठफुटी आहेत. पण बहुतेकांनी दिली. कृषी अधिकाऱ्यांनी तेच सगळं कितीतरी चांगल्या भाषेत, तक्त्यांसह सांगितलं होतं. ते कुणी ऐकलं नव्हतं. आण्णांचं ऐकलं ते त्यांना मातीचं जास्त कळत होतं म्हणून नाही. ज्यानं आपली पाळी कधी पुढे ओढली नाही, तो आज उलटं बोलतोय तर त्यात त्याचा डाव नसणार, एवढी खात्री लोकांना होती. पाटावरच्या त्या सगळ्या रात्री त्या एका सभेत कामी आल्या.

सभेनंतर कुणीतरी सुचवलं, की प्रोसिडिंग बुकातले ते जुने ठराव आता रद्द म्हणून खोडून टाकू. आण्णांनी खोडू दिलं नाही. त्यांचा विरोध, त्याची कारणं आणि पुढचा उलटा ठराव, तिन्ही त्या वहीत आजही आहेत.

ज्यांनी त्या सभेत संमती दिली नाही त्यांनाही मी दोष देत नाही. आमच्या पट्ट्यात मत बदलायला वेळ लागतो आणि त्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि ती सांगताना लोक जुन्या शेतकऱ्यांना हसतात. मला ते हसणं पटत नाही. ज्याच्याकडे पोटाला एकच रान आहे, त्यानं नवी वस्तू आधी दुसऱ्याच्या रानात फिरताना पाहावी यात काय चुकलं? त्यांनी पाहिलं, पटलं, आणि पुढे तेच नांगर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, ती अशा उशिरा पटलेल्या गिऱ्हाइकांच्या जिवावर वाढली. झटपट पटणाऱ्यांनी एक हंगाम नांगर घेतला असता आणि दुसऱ्या हंगामात दुसरं काही.

यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण मला याहून अवघड वाटतं. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कराडला वाढलेला, आमच्याच मातीतला माणूस. तरुणपणी ते मार्क्सवादी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले आणि पुढे त्यांच्यापासून दूर झाले. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी तो प्रवास मोकळेपणानं मांडला आहे. काय पटलं होतं, कुठे पटेनासं झालं, मन कसं ओढाताणीत होतं, सगळं. मत बदलल्याचं इतकं स्वच्छ कथन आपल्या राजकारणी लोकांच्या लिखाणात फार कमी सापडतं.

पण महाराष्ट्राला ज्याचं कुतूहल आहे तो बदल वेगळा. डिसेंबर 1955 मध्ये फलटणला त्यांनी जाहीर केलं, की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं उभे राहू. ते बोलणं लोकांच्या जिव्हारी लागलं. पुढच्या वर्षी ते मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि स्वतः यशवंतराव कराडमधून थोडक्यात वाचले. त्याच निवडणुकीत साताऱ्यानं नाना पाटलांना दिल्लीला पाठवलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले तेव्हा घाटातल्या रस्त्यांवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे काळे झेंडे उभे होते. आणि 1 मे 1960 ला मराठी माणसांचं राज्य झालं, त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच यशवंतराव.

राज्य लोकांनी मिळवलं. शंभरावर माणसांचे प्राण त्यासाठी गेले, आणि त्या श्रेयात वाटणी नको. पण द्वैभाषिक लोकांच्या मनात रुजत नाही हे दिल्लीत कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते ऐकलं जावं असा माणूस हवा होता. फलटणला ज्यानं नेहरूंसाठी आपल्या माणसांचा राग ओढवून घेतला, त्यानंच नंतर नेहरूंना सांगितलं की हे राज्य टिकणार नाही. त्याचं ऐकलं जाण्यामागे ती निष्ठा होती असं मला वाटतं. म्हणून फलटणचं बोलणं योग्य ठरतं असं नाही. माझ्या वडिलांना ते कधीच गिळलं गेलं नाही, आणि मलाही ते सलतं. नाना पाटलांना लोकांनी जी सवलत दिली ती यशवंतरावांना 1957 साली दिली नाही, कारण त्या घडीला ते कुणाच्या बाजूला आहेत हेच लोकांना दिसत नव्हतं. ती सवलत त्यांना पुढच्या कामातून पुन्हा कमवावी लागली.

'कृष्णाकाठ' 1984 साली आलं आणि ते 1946 पाशी थांबतं. पुढचे भाग लिहायचे त्यांच्या मनात होते, पण त्याच वर्षी ते गेले. फलटण ते 1 मे या साडेचार वर्षांत त्यांच्या मनात काय काय उलटंपालटं झालं, हे त्यांच्या शब्दांत आपल्याला मिळालं नाही. मला ही मराठीची मोठी हानी वाटते. भाषणं आहेत, ठराव आहेत, पण 'मला आधी असं वाटत होतं, मग हे घडलं, मग वाटेनासं झालं' ही ओळ हवी होती.

वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे मी वळते ती याच भुकेनं. प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि धर्मशास्त्र शिकलेला पंडित. 1932 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राचा आधार मांडायला हेच उभे राहिले. 1933 साली देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचं पौरोहित्य यांचं. मग रॉय यांचा सहवास आणि भौतिकवाद. मग वैदिक संस्कृतीच्या विकासावरचा ग्रंथ, ज्याला 1955 साली मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मग मराठी विश्वकोश. सनातन्यांनी त्यांना भ्रष्ट ठरवलं, आणि पुढे काही पुरोगाम्यांना ते परत फिरल्यासारखे वाटले. या सगळ्या काळात धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांच्या संग्रहाचं, संपादन चालूच होतं. वचन कुठलं, पाठ कोणता, अर्थ काय, हे तपासायची शिस्त सुटली नाही. मंत्र म्हणून जातिभेदाला नकार देणारा पुरोहित ऐकून घ्यावा लागतो, कारण मंत्र त्याच्याइतके कुणाला येत नाहीत. ज्यानं पोथी उघडलेलीच नाही त्यानं ती नाकारली तर त्या नकाराला काय किंमत?

मत न बदलणाऱ्यांविषयी मात्र मी कमी बोलले, आणि तसं करून टेंभूवर अन्याय होईल. कराडजवळच्या या गावात 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. टिळक आणि ते, दोघं मिळून शाळा काढली, 'केसरी' काढला, 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. नंतर सामाजिक सुधारणेवरून फाटलं आणि 1888 साली 'सुधारक' निघाला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. ते हटले नाहीत, आणि 1895 साली, चाळिशीही न गाठता गेले. आज आमच्याकडे टेंभू म्हटलं की तरुणांना उपसा योजना आठवते, आटपाडी-खानापूरच्या कोरड्या माळावर पोचलेलं कृष्णेचं पाणी आठवतं. ते आठवावंच. पण आगरकर जागचे हलले असते, तर विधवांच्या केशवपनाविषयी, बालविवाहाविषयी आपण किती पुढे आलो हे कुठून मोजायचं होतं? त्यांच्या हयातीत त्यांच्याकडे फार थोडे गेले. नंतर सगळा समाज हळूहळू त्यांच्या दिशेनं चालत राहिला, आणि अजून पुरता पोचलेला नाही.

हल्ली मोबाइलवर कुणाची तरी जुनी क्लिप येते, दहा वर्षांपूर्वी काय बोलला आणि आज काय बोलतो ते शेजारी शेजारी लावून. मी त्या क्लिपा पाहते. उपयोगी आहेत त्या. रात्रीत पक्ष बदलून सकाळी तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांना अशी आठवण करून द्यायलाच हवी. पण दोन तुकड्यांच्या मधली दहा वर्षं त्यात नसतात, आणि माझं सगळं लक्ष त्या मधल्या काळाकडे असतं. खड्डा काढून पाहिला होता का? माती तपासली होती का? नव्या मताची किंमत पहिल्यांदा कुणाच्या रानातून गेली?

आण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सध्या आमच्या घरात नवा वाद चालू आहे आणि तो माझ्यात आणि आण्णांच्या नातवात आहे. तो म्हणतो, 'आत्ती, निचरा झाला म्हणून परत ऊसच कशाला? ओढ्याकडची पट्टी उसातनं कायमची काढूया.' त्याला तिथं सोयाबीन आणि त्यावर हरभरा घ्यायचा आहे. मी उसाच्या बाजूची आहे. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, उशिरा का होईना कारखाना पैसे देतो. सोयाबीनला हमीभाव कागदावर असतो आणि बाजारात गेलं की व्यापारी ओलावा दाखवून भाव पाडतो. हे मी पाहिलेलं आहे आणि उगाच माघार घेणार नाही.

पण माझं मत कशानं बदलेल हे मी त्याला लिहून दिलं आहे. दोन हंगाम ती पट्टी त्यानं करावी. बियाणं, खत, मजुरी, आडत, सगळं वहीत मांडावं. पेरणीआधी आणि हरभरा निघाल्यावर माती डिग्रजला तपासून आणावी. खर्च वजा जाता उसाच्या निम्मे पैसे जरी हातात राहिले आणि क्षार उतरलेले दिसले, तर संस्थेच्या सभेत त्याच्या बाजूनं पहिला हात माझा असेल, आणि माझ्या हिश्श्याचं रानही उसातून निघेल. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. तसं झालं नाही तर तो काय करेल, हे त्यानंही मला लिहून द्यायचं ठरलं आहे. पेरणीला अजून महिना आहे, आणि त्याचा कागद आलेला नाही. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, 'बघतोय.'